चौथ्या नळीवरची बोटं

नळाचा आवाज येतोय ना, येऊ दे. एंजल हात धुतीय. नाही दिपाली, बंद करायला जाऊ नकोस, बस इथं. चहा घे. परवा विचारलं होतंस ना, "मावशी, इंजिनाच्या त्या नळ्या मला का पुसू देत नाही?" तेव्हा मी तुझ्यावर खेकसले. आज सांगते. उद्यापासून ते काम तुझ्याकडे यायचंय.

काम तसं साधं. आपल्या शिकाऊ विमानाच्या इंजिनावर चार पोलादी नळ्या असतात, करंगळीहून बारीक. त्यांतून पेट्रोल जातं. एखादी चिरली की पेट्रोल थेट तापलेल्या इंजिनावर, आणि मग वर असलेल्या माणसाला देवबापच वाली. म्हणून सक्तीचा आदेश आहे. विमान ठरलेले तास उडलं की झाकण काढायचं, बॅटरी आणि आरसा घ्यायचा, एकेक नळी बघायची. विमानाचं पेट्रोल निळं असतं. गळती असली तर तिथं निळा डाग सुकलेला सापडतो. डाग दिसला की विमान जमिनीवर ठेवायचं. बास, एवढंच. पण एवढं करायलासुद्धा लोकांच्या जिवावर येतं.

तेव्हा इथं कोलते सर होते, रविराज कोलते. मोठे इंजिनिअर, सही त्यांची चालायची. या माळावर उन्हाळ्यात पत्रा कसा तापतो ते तू बघतीयस. झाकण काढायचा कंटाळा केला त्यांनी. कूलरपुढं बसून सही ठोकली, नळ्या तपासल्या म्हणून. हँगरात सगळ्यांना माहीत होतं. मी बोलले तर म्हणाले, "उजागरे बाई, तुम्ही चाकात हवा भरा."

त्या दिवशी उडायची पाळी माझ्या एंजलची होती. तिला संगमनेरला मैत्रिणीच्या लग्नाला जायचं होतं. ती पार्थला म्हणाली, माझ्या जागी तू जा ना, प्लीज. पार्थ तिसगावचा, तिच्याबरोबरच उडायला शिकणारा. गोड पोरगा, कुणाला नाही म्हणायचा नाही. गेला. आम्ही बाहेर उभे होतो, रेडिओ माझ्या कानाला. विमान गर्भगिरीच्या डोंगराकडं वळलं आणि त्याच्या नाकातून धूर निघाला. खाली नांगरलेल्या रानात पडेपर्यंत तो रेडिओवर बोलत होता. काय बोलत होता ते मी तुला सांगणार नाही. कुणालाच सांगितलं नाही मी.

चौकशी झाली. जळून कोळसा झालेल्या इंजिनात कुणाला काय सापडणार? सर सुटले. त्यांनी हँगरात पूजा घातली, सगळ्यांना शिरा वाटला. माझ्या घशाखाली उतरला नाही तो.

मयतीला मी एंजलला घेऊन गेले होते. पार्थची आई, रतनबाई, भिंतीला टेकून बसलेली. डोळ्यांत टिपूस नाही. पाळी कुणाची होती हे तिच्या कानावर गेलंच होतं. तिनं एंजलला जवळ बोलावलं, तिचं उजवं मनगट धरलं आणि म्हणाली, "रडू नको गं पोरी. तू जग. माझ्या लेकाच्या वाटंचं बी आता तूच जगायचं हाय." बायका म्हणाल्या, काय माऊलीचं मन! पण दिपाली, ती मनगट सोडेना. एंजल कळवळली तरी सोडेना. शेवटी मी तिचं एकेक बोट उचलून माझ्या पोरीचा हात सोडवला.

मग आपल्या दुसऱ्या विमानाच्या तपासणीला सरांनी स्वतः झाकण काढायला लावलं. वरून साहेब लोक येणार होते ना! मी आरसा आत घातला. तीन नळ्या चकचकीत. चौथीवर निळा डाग.

अगं, गळतीचा डाग ओघळतो, पसरतो. हा ओघळला नव्हता. वरून चार बोटं आणि खालून अंगठा. कुणीतरी मूठ आवळून नळी धरावी तसा. बोटांवरच्या रेघासुद्धा उमटल्या होत्या.

"हात धुऊन काम करत जा, बाई," सर म्हणाले.

"माझी बोटं एवढी लांब आहेत का, सर?"

त्यांनी फडकं घेतलं, डाग पुसला आणि सही केली. एंजल त्याच विमानात बसणार होती. मी भांडले, विमानापुढं आडवी उभी राहिले. ती दातओठ खाऊन म्हणाली, "मम्मी, सगळ्यांसमोर तमाशा नको." आणि गेली. ती वर होती तोवर माझ्या जिवात जीव नव्हता. परत आली, तर हसत उतरली.

मी झाकण काढलं. चौथी नळी जोडापाशी तुटलेली होती, दिपाली. सरळ दोन तुकडे. त्यांच्यावर ओली, ताजी, निळी बोटं. आणि बाकी इंजिनावर पेट्रोलचा एक थेंब नाही. तुटक्या नळीतून अख्खी फेरी पेट्रोल नीट गेलं होतं. मी हात जोडले. प्रभू, म्हटलं, त्यानं धरून ठेवलं… माझ्या पोरीसाठी धरून ठेवलं.

मी सरांना ओढत आणलं. तोवर नळी सलग. कोरडी. डाग नाही की काही नाही. सरांचं डोकंच फिरलं. "वेड लागलंय या बाईला! एंजल, बस आत. इंजिन चालू कर. हिला दाखवतोच."

चालू इंजिनाजवळ तोंड न्यायचं नसतं. तुला पहिल्या दिवशीच सांगितलंय. त्यांना कोण सांगणार? पंखा फिरत होता, त्याच्या मागं बाजूला उभं राहून ते बॅटरी घेऊन वाकले. पेट्रोलचा वास एकदम दाटला.

"हे बघा… कोरडं आहे… ठणठणीत…"

मग त्यांची बॅटरी चौथ्या नळीवरच थांबली. ते नळीकडं बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू मला दिसत होती, ती पांढरीफटक पडली. आणि ते गुरासारखे ओरडले, "सोडू नको! सोडू नको!"

ती मूठ सुटली. पेट्रोलची धार त्यांच्या तोंडावर बसली, आणि दुसऱ्या क्षणाला तोंड पेटलं. मी आग विझवायचा लाल बाटला घेऊन धावले, पण त्याची पिन निघेना. सगळे म्हणतात, सर एंजलला म्हणत होते, थ्रॉटलचा दांडा सोडू नको म्हणून. एंजलकडं त्यांनी बघितलंसुद्धा नव्हतं. नगरच्या दवाखान्यात काही दिवस काढले त्यांनी, मग गेले. बोलायला ओठ राहिले नव्हते. मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. माझ्या एंजलला साधा ओरखडा नव्हता, आणि मला तेवढंच दिसत होतं.

मग नवीन विमान आलं, नवीन नळ्या, नवीन इंजिनिअर. तरी एंजल उडून आली की चौथ्या नळीवर बोटं असायचीच. दुसरं कुणी उडालं की नसायची. मी तिला सांगितलं. वाटलं, घाबरेल, सोडून देईल हे उडणं. तर कारटी खूश! "मम्मी, पार्थ आहे ना माझ्याबरोबर. मला काय होतंय?" आणि मग जे सुरू केलं तिनं. ढगात शिर, डोंगराला घासून जा. मीही तशीच मूर्ख. रोज बोटं बघून हात जोडायची, नवीन साहेबांना माझेच हात लागले म्हणून सांगायची. म्हणून पुसत नव्हते, म्हणून तुलाही पुसू दिली नाहीत. मला वाटायचं, आपण पुसली तर तो हात काढून घेईल.

तो तसाही काढतच होता गं. आधी करंगळी दिसेनाशी झाली. म्हटलं, माझे डोळे अधू झाले असतील. मग तिच्या शेजारचं बोट गेलं, मग मधलं. काल नुसता अंगठा होता. आज सकाळी मी आरसा फिरवून फिरवून बघितलं. चौथी नळी स्वच्छ. नवीन साहेब म्हणाले, "वा हन्नाबाई, एकही डाग नाही," आणि सही केली. काय सांगू त्यांना? डाग नाही म्हणून विमान उडवू नका, असं कुठल्या तोंडानं सांगू? एंजलच्या हातापाया पडले. ती म्हणाली, "उद्या माझी शेवटची परीक्षा आहे मम्मी, आजचा सराव चुकवू?"

दुपारी विमान उतरलं तेव्हा तू जेवायला गेली होतीस. मी धावत जाऊन झाकण काढलं. चारही नळ्या सलग, कोरड्या, कुठं निळा ठिपका नाही. मी रडले. म्हटलं, गेला बिचारा, त्याला शांती मिळाली, आता माझी पोरगी सुटली.

तेवढ्यात एंजल मागं येऊन उभी राहिली. तिच्या अंगाला पेट्रोलचा वास. "मम्मी, आज थ्रॉटल जड होता गं. मी पुढं ढकलायची, आणि कुणीतरी हात मागं ओढायचं." तिनं बाही वर केली. उजव्या मनगटावर वरून चार बोटं, खालून अंगठा. निळी. ओली.

निळा रंग पहिल्या साबणालाच निघाला. पण खाली कातडीत बोटांचे खळगे पडलेत. दाबून धरल्यावर पडतात तसे. पण धरणाऱ्यानं हात काढला की खळगे भरून येतात ना? हे नाही भरले. दुपारपासून घासतीय ती. मघाशी मी तिचा हात उजेडात धरला होता, तेव्हा माझ्या देखत ते अजून खोल गेले.

उद्या सकाळी ती उडणार. विमानात काहीच दोष नाही, मी तपासलंय, तूही तपास. तिच्या मनगटासाठी विमान थांबवायचा आदेश कुणी काढलेला नाही.

नळ बंद झाला बघ. येईल आता बाहेर. तिच्यासमोर तोंड पाडून बसू नकोस, चहा दे तिला. कप तिच्या डाव्या हातात दे. रतनबाईची बोटं मी एकेक करून उचलली होती, दिपाली. आजही तासभर तेच करायला बघत होते. पण उचलायला बोटंच नाहीत गं तिथं.