त्या दुपारी तो पहिल्यांदा उठला

हे रात्री घडलं असतं, तर मी कधीच सांगितलं नसतं.

रात्रीच्या गोष्टींना कुणी विचारत नाही. स्वप्न पडलं असेल, दमली होतीस, पडदा हलला असेल... असं म्हणून लोक मोकळे होतात. मीही झाले असते.

पण हे दुपारी घडलं. शनिवारची भर दुपार, मोठ्या शहरातलं एक चांगलं, नवंकोरं हॉटेल, सहावा मजला. खाली गाड्यांचे हॉर्न वाजत होते आणि शेजारच्या खोलीत कुणीतरी केस वाळवायचं मशीन चालवत होतं. अक्षर न् अक्षर खरं आहे. विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, कुणाला पटवत बसायची ताकद आता माझ्यात उरलेली नाही.

आधी आमच्याबद्दल थोडं सांगते. मी एका दवाखान्यात लोकांचे कान तपासते. बंद काचेच्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांना हेडफोन लावायचे आणि बाहेरून बारीक बारीक आवाज सोडायचे. ऐकू आला की त्याने हातातलं बटण दाबायचं. दिवसभर हेच. नवरा टाइल्सच्या गोदामाचा मॅनेजर. मुलं दोन, थोरला आणि धाकटी.

आणि आमच्या घरातलं कायमचं भांडण एकच. मुलं हाक मारतात तेव्हा हा उठत नाही.

ताप असो, शू असो, पाणी असो, उठायचं मीच. मी कोपराने ढोसते, लाथ मारते, "उठ ना रे, तुला हाक मारतेय ती," म्हणते. हा ढिम्म. सकाळी विचारलं की साळसूद चेहरा करून म्हणणार, "अगं, मला खरंच ऐकू आलं नाही." गोदामात मात्र पार पलीकडच्या रांगेत टाइल तडकली तरी याला कळतं.

एकदा मी ताईसमोर, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीसमोर, अक्षरशः रडले. म्हटलं, "एकटीने मुलं वाढवायची होती तर लग्न कशाला केलं मी?"

ताई म्हणाली, "पोरांना माझ्याकडे टाका आणि दोन दिवस कुठेतरी जाऊन या. अशाने आपण नवराबायको आहोत हेच विसरून जाल."

म्हणून गेलो. आमच्यात अजून काही शिल्लक आहे का, एवढंच मला बघायचं होतं. नसेल तर... त्याच्या पुढचा विचार मी करत नव्हते.

पहिल्यापासून सगळं फिसकटत गेलं. बस उशिरा सुटली. हॉटेलवर पोचलो तर खोली तयार नाही. रिसेप्शनवरची मुलगी दर वेळी तेच हसू हसत "फक्त दहा मिनिटं, मॅडम" म्हणायची. नवऱ्याचा फोन सारखा खणखणत होता, कारण गोदामात फुटक्या मालाचा ट्रक येऊन उभा होता. हा लॉबीभर येरझाऱ्या घालत "फोटो काढून ठेव, सही करू नकोस!" असं ओरडत होता. माझ्या नव्या सँडलने टाच सोलून काढली होती.

नंतर बाजारात एका दुकानाच्या काचेत धाकटीच्या मापाचा पिवळा रेनकोट दिसला. मी थांबले.

"इथेही मुलंच?" हा म्हणाला. "दोन दिवस तरी सोड ना त्यांना."

डोक्यात तिडीक गेली माझ्या.

"तू कधी धरलं होतंस त्यांना, म्हणून मला सोडायला सांगतोयस?"

भर रस्त्यात भांडलो. जेवण तोंडं फुगवूनच झालं. खोलीत येईपर्यंत बोलणंही बंद. त्याने फोन बंद करून उशीखाली टाकला, मी जाड पडदे ओढले, आणि आम्ही एकमेकांकडे पाठ करून आडवे झालो. इतक्या वर्षांनी मिळालेली एक दुपार, तीही अशी मातीत गेली. रडता रडताच माझा डोळा लागला.

मग...

"बाबा..."

बारीक आवाज. पलंगाच्या पायथ्याकडून.

माझी झोप पुरती मोडली नाही. घरीही मोडत नाही. सवयीने लाथ मात्र गेली. "उठ ना... तुला हाक मारतेय."

आणि तो उठला.

लगेच. न कुरकुरता. स्लिपर फरशीवर घासल्याचा आवाज आला. नळ सुटला, बंद झाला. मग त्याचा दबका आवाज...

"हळू पी. सांडेल अंगावर."

पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज.

"झोप आता. मी आहे ना इथेच."

तो परत येऊन पडला. त्याचे गार पाय माझ्या पायांना लागले.

मला काय वाटलं सांगू? भीती नाही वाटली. मला इतकं बरं वाटलं, की मी झोपेतच कूस बदलली आणि त्याच्या पाठीला बिलगले. म्हटलं, आला बाई हा ताळ्यावर. पहिल्या हाकेला उठला. आता सगळं ठीक होईल.

किती वेळ तशी पडून होते कुणास ठाऊक.

शेजारचं मशीन बंद पडलं. खालचे हॉर्नही थांबले. खोली एकदम शांत झाली... आणि त्या शांततेत मला आठवलं.

मुलं ताईकडे आहेत.

मी ताडकन उठून बसले आणि दिवा लावला. खिडकीखाली एक छोटा सोफा होता. झोपताना आमच्या बॅगा त्याच्यावर होत्या. आता त्या खाली जमिनीवर नीट ओळीने ठेवलेल्या होत्या. सोफ्यावर एक उशी होती. आणि उशीपासून खाली पायांकडे नवऱ्याचं जॅकेट... पांघरूण घालतात तसं पसरलेलं, कडा आत खोचलेल्या.

शेजारी पेला. अर्धा प्यायलेला.

मी जॅकेट उचललं.

खाली काहीच नव्हतं.

पण हात लावला तर सोफा कोमट होता. आत्ताच कुणीतरी उठून गेल्यासारखा.

"उठ! अरे, उठ!" मी नवऱ्याला गदागदा हलवलं. "पाणी कुणाला दिलंस तू?"

"धाकटीला," तो डोळे चोळत म्हणाला. "तूच तर लाथ मारलीस."

"धाकटी ताईकडे आहे."

त्याने पांघरूण बाजूला केलं. मग सोफ्याकडे बघितलं.

"मला वाटलं, ताईने तिचे केस कापले," तो हळूच म्हणाला. "मानेवर हात ठेवला तर एवढुसे लागले. म्हटलं, तुला आत्ता सांगितलं तर भडकशील, उद्या सांगू."

धाकटीच्या वेण्या कमरेपर्यंत येतात.

"चेहरा बघितलास?"

"अंधार होता गं. पण हात पोरांसारखेच होते. चिकट." तो आपल्याच तळव्याकडे बघत राहिला.

मी ताईला फोन लावला. मागे दोघांचा दंगा ऐकू येत होता. ताई म्हणाली, "काही झालेलं नाही इथे. तुम्ही तुमचं बघा की!" आणि हसत फोन ठेवला.

मी तशीच अनवाणी खाली गेले. रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं, त्या खोलीत आधी काही झालंय का? तिचं हसू जराही हललं नाही. "नाही मॅडम. तो मजला आत्ताच सुरू झालाय. त्या खोलीत तुम्हीच पहिले."

म्हणजे कुणी मेलं नव्हतं. काही घडलं नव्हतं. काही घडलेलं असतं तर निदान धरायला एक टोक मिळालं असतं. तिने मुकाट्याने दुसऱ्या खोलीची किल्ली दिली, बहुतेक मला वेडी समजून.

वर आले तर नवरा सोफ्याच्या कडेवर बसला होता. अगदी कडेवर. उरलेल्या जागेवर कुणी झोपलं असावं, असा अंग चोरून.

"दुसरी खोली मिळालीय. चल."

"आणि परत हाक मारली तर?"

"कुणी?"

त्याने सोफ्यावरचं जॅकेट नीट केलं.

"अरे, कुणी हाक मारली तर?"

"मी इथेच आहे म्हणून सांगितलंय मी," तो म्हणाला.

मला घाबरायला हवं होतं. पण खरं सांगते, माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "घरी तुझी दोन पोरं घसा फोडून ओरडतात, तेव्हा कुठे जातात तुझे कान? आणि इथे... इथे तू शब्द देऊन बसलास?"

त्याने माझ्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. हळू बोल म्हणून.

मी बॅगा भरल्या. खोली बदलायचीच नाही, सरळ घरी जायचं. त्याला दंडाला धरून लिफ्टपर्यंत आणलं. आत शिरल्यावर दार मिटायला लागलं, तर याने हात घालून ते अडवलं.

"चल ना आता!"

"एक मिनिट."

कॉरिडॉर रिकामा होता. मी स्वतः बघितला. तो काही वेळ तसाच दार धरून उभा राहिला... मग खाली बघून जरासा हसला आणि हात काढून घेतला. बसमध्येही तो माझ्याशेजारी बसला तो मध्ये थोडी जागा सोडून. मी सरकले की तो म्हणायचा, "अगं, जरा तिकडे हो."

घरी आल्यापासून हा उठतो.

एवढी वर्षं ज्याच्यासाठी भांडले, ते मला मिळालं. पहिल्या हाकेला उठतो, हॉलमध्ये जातो, नळ सोडतो, दबक्या आवाजात समजूत घालतो. फक्त ती हाक मला ऐकू येत नाही. तेव्हा आमची दोन्ही मुलं गाढ झोपलेली असतात. त्यांच्यापैकी कुणी हाक मारली की उठायचं अजूनही मीच.

शेवटी मी त्याला दवाखान्यात नेलं. काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावले. कान ठणठणीत. सगळ्यात बारीक आवाजालाही बटण दाबलं. मी आवाज बंद केला आणि आकडे लिहायला घेतले.

समोरचा दिवा लागला.

त्याने बटण दाबलं होतं.

मला वाटलं, चुकून लागलं असेल. पण थोड्या वेळाने परत... आणि परत. मध्ये तो मान कलती करून ऐकायचा, मग अंगठा दाबायचा. त्या खोलीत बाहेरचं काहीच ऐकू जात नाही, म्हणून तर ती बांधलीय. मी दार उघडलं. "आवाज कधीच बंद केलाय मी."

तो माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता.

"हां," तो म्हणाला. "सांग बाळा, काय म्हणालास?"

डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, कामाचा ताण आहे. म्हणाले, मुलांना कुणाकडे तरी ठेवा आणि दोघंच दोन दिवस फिरून या. मी तिथेच हसत सुटले. हसू आवरेना तेव्हा नर्सने मला बाहेर नेऊन बसवलं.

हे सगळं मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगतेय ते परवाच्या दिवसामुळे.

परवा संध्याकाळी, चांगला उजेड असताना, धाकटी घरासमोर सायकल शिकत होती. हा पायरीवर बसून लक्ष ठेवत होता. मी स्वयंपाकघरात. एकदम सायकल आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तिची किंकाळी...

"बाबाऽऽ!"

मी हातातलं टाकून धावले. मनात म्हटलं, तो आहे तिथे, त्याने उचललं असेल.

धाकटी सायकलखाली अडकून रडत होती. गुडघा फुटून रक्त येत होतं.

तो उठला होता. अगदी धावत गेला असावा, कारण त्याची एक चप्पल तिच्या शेजारीच पडली होती. तिला ओलांडून तो पार फाटकापाशी पोचला होता. तिथे गुडघ्यांवर बसला होता. काहीतरी जपून धरल्यासारखे दोन्ही हात... आणि तो फुंकर घालत होता. हळू हळू.

"काही नाही झालं," तो म्हणत होता. "बघ, मी आलो ना?"

मी धाकटीला सायकलखालून काढलं, कडेवर घेतलं. तिने रडणं थांबवलं आणि माझ्या खांद्यावरून त्याच्याकडे बघत राहिली.

"आई, बाबा कुणाला फुंकर घालतोय?"

मी तिला आत नेऊन गुडघा धुतला.

पण तिला काहीतरी कळलंय. परवापासून तिने त्याला एकदाही हाक मारलेली नाही. तो समोर बसलेला असतो, आणि ती बाटलीचं झाकण उघडून घ्यायलाही आतल्या खोलीत माझ्याकडे येते.