उत्तर देणारी माणसं

मी चष्मे बनवतो. भिंगावर ओरखडा असला तर असतो, नसला तर नसतो. मधलं काही मला पटत नाही. त्यामुळे बाथरूममधला पाइप वाजायला लागला तेव्हा बायको घाबरली आणि मी प्लंबर बोलावला. त्याने पाइपाला पट्ट्या ठोकल्या, मान हलवली आणि गेला. पाइप वाजतच राहिला. टक. थोडं थांबून पुन्हा टक. सगळे नळ बंद असतानाही.

आम्हाला त्याची सवय झाली असती. पण आमची चार वर्षांची चिंगी त्याच भिंतीला लागून झोपते. एका दुपारी तिच्या शेजारी आडवा झालो आणि लक्षात आलं, ती ठोक्याबरोबर श्वास घेतेय. टक झालं की छाती वर. पुढचं टक होईपर्यंत काहीच नाही. दुसऱ्या खोलीत निजवलं, मावशीच्या घरी ठेवून पाहिलं, लय तीच. डॉक्टर म्हणाले, छाती स्वच्छ आहे. आणि दोन ठोक्यांमधलं अंतर वाढत चाललं होतं.

माझं धाबं दणाणलं. शोधता शोधता मोबाइलवर घरदुरुस्तीचा एक ग्रुप सापडला, तिथे प्रश्न टाकला. चिंगीचं काही लिहिलं नाही; उगाच वेड्यात काढतील. लगेच 'पाना' नावाच्या कुणीतरी उत्तर दिलं: मेन कॉक बंद करा, सगळे नळ उघडून पाइप रिकामा करा, तो भिंतीला टेकतो तिथे रबर घाला, मग पाणी हळूहळू सोडा. खाली आणखी एक ओळ होती. 'मूल झोपलेलं असेल तर उठवून बसवा.'

सगळं तसंच केलं. पाइप गप्प झाला. चिंगीने एक लांब श्वास घेतला, मग दुसरा, आणि खायला मागितलं. बायको फरशीवर बसून रडली. माझाही जीव भांड्यात पडला.

पानाचे आभार मानले. अनोळखी लोकांच्या नळांसाठी ही मंडळी दिवसभर फुकट का राबतात, हेही विचारलं. मला खरंच कौतुक वाटत होतं.

"आता तुम्हीही उत्तरं देत जा," त्याने लिहिलं.

"मला कुठे काय येतं?"

"पाइपाचं येतं की. रोज एक तरी. चुकवू नका."

मी हसून सोडून दिलं. दुसऱ्या संध्याकाळी बायकोने हाक मारली, तिच्या आवाजावरूनच कळलं. टक. ग्रुप उघडला तर कुणा बाईंचा तोच प्रश्न होता. मी तेच उत्तर खरडलं आणि पाइप थांबला.

योगायोग असेल म्हणून पुन्हा तपासून पाहिलं. पोटच्या पोरीवर प्रयोग करताना स्वतःची लाज वाटली, पण केले. एखाद्या दिवशी उत्तर द्यायचं चुकवलं की ठोके परत. दुसऱ्या नंबरचं उत्तर चालत नसे, पहिलंच लागे. दुकानातल्या एका गिऱ्हाइकाकडेही पाइप वाजत होता, त्याला तोंडी सांगून पाहिलं. त्याचा कायमचा थांबला. त्याला कुठे काही लिहावं लागलं नाही. आमच्या घरात मात्र तोंडी सांगितलेलं मोजलं गेलं नाही.

मग मी रोज उत्तरं देऊ लागलो. लोक मला देवमाणूस म्हणायचे. एकदा पानाला विचारलं, तुम्ही किती वर्षं देताय?

"मुलाला आता टक्कल पडायला लागलंय," एवढंच त्याने लिहिलं.

पुढे प्रश्न कमी झाले आणि उत्तरं देणारे वाढले. कुणी काही विचारलं रे विचारलं की आम्ही तुटून पडायचो. समोर गिऱ्हाईक बसलेलं असताना मी मांडीवरच्या मोबाइलकडे बघत असे आणि मनात म्हणे, कुणाच्या तरी घरी वाजू दे.

काल दिवसभर एकही प्रश्न आला नाही. संध्याकाळी टक झालं.

बायकोने चिंगीला मांडीवर घेतलं.

टक.

मग बराच वेळ काही नाही. चिंगीचे ओठ निळसर दिसायला लागले.

फोन वाजला. ताई होती, माझी थोरली बहीण.

"अरे, तुमच्याकडे तो पाइप वाजायचा ना? आमच्याकडे सकाळपासून वाजतोय. आणि पिल्लू बघ ना, मधेच श्वासच घेत नाहीये रे! तुम्ही काय केलं होतं? पटकन सांग."

उत्तर जिभेवर होतं. एका दमात सांगून झालं असतं आणि ती कायमची सुटली असती.

बायको माझ्याकडे बघत होती. तिने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मी विचारलं नाही.

"ताई, फोनवर नको. लिंक पाठवतो, त्या ग्रुपवर विचार."

"आत्ता? अरे, तोंडानं सांग ना!"

"तिथेच विचार. आणि टाकायच्या आधी मला सांग."

माझं उत्तर लिहून तयार होतं.

"टाकते हं," ती म्हणाली.

मी बोट दाबलं.

चिंगीने श्वास घेतला.

फोनवर पलीकडे धावपळ ऐकू आली, नळ सोडल्याचे आवाज, मग पिल्लूचं भोकाड. माझ्या उत्तराच्या खालोखाल पानाचं उत्तर होतं. मी मोबाइलचा पडदा बंद केला.

"किती भली माणसं आहेत रे!" ताई रडत रडत हसत होती. "डोळ्याचं पातं लवायच्या आत एवढी उत्तरं! मी तर ठरवूनच टाकलंय, आता मीही तिथे रोज लिहीत जाणार."