करंगळीवरची शाई

नाल्याच्या पाण्यात पोलिओचा विषाणू सापडला, म्हणून पेशावरच्या कालव्याकाठच्या वस्तीत जादा फेरी काढायचं ठरलं. फेरीचा तिसरा दिवस राहिलेल्या मुलांचा. जी पोरं आधी मामाकडे गेलेली असतात, झोपलेली असतात, किंवा ज्यांचे आजोबा दारात काठी घेऊन उभे असतात, ती या दिवशी गाठायची. गुलरुखला हाच दिवस आवडायचा. वीस वर्षं ती थेंब पाजत होती आणि एखादं मूल राहून गेलं तर तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

"खाला, तुझ्यापेक्षा तो पोलिओ बरा," बरोबरची शहीना कुरकुरली. "तो निदान एखादं घर तरी सोडतो."

"तोंड कमी चालव गं, पाय जास्त."

लसीच्या कुप्यांचा, बर्फ भरलेला निळा डबा गुलरुखच्या खांद्यावर, खडू शहीनाच्या हातात. मुलाला थेंब पाजले की त्याच्या डाव्या करंगळीला शाई लावायची. घर झालं की दारावर खडूने लिहायचं: मुलं किती, पाजलेली किती, तारीख, आणि पुढच्या घराकडे बाण. गुलरुखच्या बाणाला माशासारखी दुभंगलेली शेपटी असे. साहेबलोक लांबूनच ओळखायचे. तिच्या लेकीला, पलवशाला, तर त्या माशाचं वेडच होतं. तीन वर्षांची पोर खडूचे तुकडे पळवायची आणि घरात भिंतीवर, गुडघाभर उंचीला, मासेच मासे काढायची.

पलवशाला जाऊन अठरा वर्षं झाली होती.

गुलरुखची मुलगी थेंब पाजूनही पोलिओने गेली, एवढंच लोकांना ठाऊक होतं. लोक हळहळले. थेंबांत काही दम नाही, असंही काही जण म्हणाले. खरं काय होतं ते गुलरुखपाशीच राहिलं. हे औषध माझ्या नातीच्या तोंडात गेलं तर तुझं बोचकं बाहेर, असं सासऱ्यांनी बजावलं होतं. आणि नेमके त्याच दिवशी साहेब बोटं तपासायला येणार होते. पाजणारीच्याच मुलीची करंगळी कोरी दिसली असती तर नोकरी गेली असती. गुलरुखने दोघांचीही मर्जी राखली. थेंब न पाजताच तिने लेकीच्या करंगळीला शाई लावली आणि कानात सांगितलं, "कुणी विचारलं तर प्यायले म्हण." पुढच्या फेरीत चोरून पाजू, असा तिचा विचार होता. ती फेरी सहा आठवड्यांनी होती. ताप चौथ्या आठवड्यात आला. आधी मान ताठली, मग पाय लुळे पडले, मग श्वास अडकायला लागला.

त्यानंतर हजारो पोरांच्या जिभेवर तिने थेंब सोडले. पण जे पाजायचे होते ते दोन राहूनच गेले, आणि तहान लागावी तशी तिला त्यांची आठवण यायची.

दुपारी वीटभट्टीमागच्या गल्लीत त्या दोघी शेवटच्या घराशी आल्या. हिरवं पत्र्याचं दार होतं. शहीनाने यादी वरून खाली वाचली, मग खालून वर.

"हे घर यादीत नाही, खाला."

दारावर मात्र खडूने लिहिलेलं होतं. मुलं एक, पाजलेली शून्य. तारखेची जागा कोरी. बाणाला माशाची शेपटी.

"हे तूच लिहिलंस की. कधी आली होतीस?"

"नाही आले." गुलरुख त्या गल्लीत आयुष्यात पहिल्यांदा येत होती.

तिने कडी वाजवली. बऱ्याच वेळाने दार वीतभर उघडलं. आत काळोख होता, बाहेर एवढं ऊन असूनही. फटीतून एक चिमुकला डावा हात पुढे आला, करंगळी वर केलेली. करंगळीवर शाई होती.

"झालंय की हिचं," शहीना म्हणाली. "चल बाई, पाय गेले माझे." आणि ती गल्लीच्या तोंडाशी जाऊन दगडावर बसलीसुद्धा.

गुलरुख हलली नाही. नुसत्या शाईवर तिचा विश्वास कसा बसावा?

"बाळा, थेंब प्यायलीस का?"

"प्यायले."

मग जरा थांबून, अगदी हळू आवाजात: "तू सांगितलंस तसंच म्हटलं, अदे."

अदे म्हणजे आई. अठरा वर्षांत तिला कुणी तशी हाक मारली नव्हती.

तिने डब्यातून कुपी काढली आणि झाकण ओढलं. ते धुळीत पडलं. तिने ते उचललं नाही.

"तोंड उघड, राणी."

काळोखात इवलीशी जिवणी उघडली. दुधाचे दात दिसले. केसांच्या राईच्या तेलाचा वास आला.

एक थेंब.

दोन.

"कडू आहे," आवाज म्हणाला. मग विचारलं, "आता घरी येऊ?"

"ये गं, माझी बाय," गुलरुखला रडू आवरेना. "कधीची वाट बघतेय मी."

तिने डोळे पुसले. दार बंद होतं. दाराला गंजलेलं कुलूप होतं आणि कुलपावर कोळ्याचं जाळं.

"खाला, येतेस ना?" शहीनाने हाक मारली.

दिवस मावळायच्या आत गुलरुख घरी पोचली. नवरा आणि सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ती एकटीच राहायची. बाहेरचं कुलूप काढून ती आत आली आणि तिने दार लोटलं.

दाराच्या आतल्या बाजूला, गुडघाभर उंचीवर, खडूने काहीतरी लिहिलेलं होतं. वेड्यावाकड्या अक्षरात. मुलं एक, पाजलेली एक. बाणाच्या शेपटीचा मासा नीट जमला नव्हता. बाण घराच्या आत दाखवत होता.

गुलरुख त्यापुढे बराच वेळ उकिडवी बसून राहिली. नंतर उठली.

त्या दाराला अगदी वर एक कडी होती. पलवशा चालायला लागली तेव्हा बसवलेली, तिचा हात पोचू नये आणि पोर बाहेर पळू नये म्हणून. अठरा वर्षांत ती लावायची गरज पडली नव्हती.

गुलरुखने टाचा उंचावल्या आणि ती कडी लावली.