न हलवलेला फिंजान

चहा घ्या. कॉफी या घरात मी करत नाही. आणि कप रिकामा झाला की माझ्या हातात द्या, टेबलावर ठेवू नका. का, ते सांगतो. दिवा राहू दे असाच.

माझी बायको उर्मिला गेली त्या वर्षीच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. ती उन्हाळ्यात इथल्याच इस्पितळात गेली. अस्थी गावी, देवगडला नेल्या, परत आलो आणि दुसऱ्या दिवसापासून ऑफिसला जाऊ लागलो. अरबांच्या या शहरात, करामा भागातल्या या फ्लॅटमध्ये दिवसभर एकट्याने बसून राहणं मला जमलं नसतं.

ऑफिस खाडीपलीकडे, देऱ्यात होतं. आर्किटेक्टची फर्म, मूळ मेलबर्नची. तिची एक रीत होती. कुठलीही मीटिंग सुरू होण्याआधी एक वाक्य वाचायचं. ज्या जमिनीवर आपण जमलो आहोत तिचे मूळ रखवालदार अमुक लोक. त्यांच्या होऊन गेलेल्या आणि हयात असलेल्या वडीलधाऱ्यांना आमचं वंदन. ते लोक म्हणजे तिथले ॲबोरिजिनल, गोरे पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून तिथे राहणारे. मेलबर्नहून स्पीकरफोनवर ते वाक्य आलं की आम्ही देऱ्यातले सगळे पेन खाली ठेवून गप्प बसायचो.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. आमच्याकडे पाया खणण्याआधी वडील नारळ घेऊन उभे राहायचे आणि जागेच्या राखणदाराला सांगायचे, तुझ्या जागेत आम्ही पोरं आलो आहोत, सांभाळून घे. मी हे विलीला सांगितलं. विली तुस्कानो, वसईचा, आमचा ऑफिस मॅनेजर.

तो म्हणाला, “बाबा, तुमच्यात नारळ तरी देतात. यांच्यात नुसतंच सेंटेन्स.”

मग आम्हाला उत्तरेकडच्या किनाऱ्यावर एका रिसॉर्टचं काम मिळालं आणि मेलबर्नने कुरियरने पितळेची पाटी पाठवली. प्रवेशद्वाराजवळ दगडात बसवायची. तिच्यावर तेच वाक्य होतं आणि तेच नाव. मेलबर्नच्या जमिनीच्या धन्यांचं नाव, अरबस्तानच्या किनाऱ्यासाठी.

विली हसून हसून लाल झाला. आमचे साहेब हसले नाहीत. मजकूर हेड ऑफिसच्या कमिटीने पास केला आहे, म्हणाले, आता बदलायचा म्हणजे महिने जातील. आणि त्या जागेवर तसंही कोणी नव्हतं, सर्व्हेत ‘मोकळी’ लिहिलं आहे. त्या सर्व्हेच्या नकाशावर मला एक विहीर दिसली होती. मोकळ्या जागेत कोणी विहीर खणत नाही. मी बोललो नाही. त्या दिवसांत मला कशावरच बोलावंसं वाटत नव्हतं, आणि गप्प राहण्याला दुःखाचं नाव देणं सोयीचं होतं.

पाटीची जागा ठरवायला मी आणि विली सकाळी निघालो. डिसेंबरातलं धुकं होतं. इथलं धुकं तुम्हाला माहीत आहे, गाडीचं बॉनेटसुद्धा दिसत नाही. साइटच्या कुंपणाशी विली म्हणाला, वाळूत गाडी रुतेल, मी इथेच थांबतो, यल्ला, लवकर उरक. मी पाटी काखेत मारून चालू लागलो.

समुद्र जवळ होता, पण लाटांचा आवाज येत नव्हता. वास मात्र येत होता. आधी सुक्या मासळीचा. मग लाकडाच्या धुराचा. मग वेलचीचा.

झावळ्यांच्या कुडाची एक झोपडी होती. दारात चटईवर एक म्हातारी बसली होती. पायघोळ काळा अबाया, चेहऱ्यावर मुखवट्यासारखा तो कडक, सोनेरी झाक असलेला बुरखा, इथल्या जुन्या बायका घालतात तसा. समोर निखारे, त्यांच्यावर लांब चोचीची पितळी किटली. साइटच्या वॉचमनच्या घरातली कोणी असेल, असं मला वाटलं.

“आओ. बैठो,” ती म्हणाली. मुंबईची हिंदी. नवरा गलबतावर होता, खजूर घेऊन मुंबईला जायचा, तिलाही नेलं होतं, असं तिने आपणहून सांगितलं.

तिने माझ्या हातात फिंजान दिला, बिनकानाचा छोटा पेला, आणि त्यात तळाशी घोटभर कहवा, इथली वेलचीची कॉफी, ओतली. मी प्यायलो. तिने पुन्हा ओतली. पुन्हा प्यायलो. इतक्या महिन्यांत मला कोणी बसवून काही पाजलं नव्हतं. मी नजर पाटीकडे वळवली. तिनेही वळवली.

“यह क्या है?”

“नाम है… ज़मीन के पुराने मालिकों का.”

“पढ़ो.”

मी वाचलं. नावाशी जीभ अडखळली. ती ते नाव बुरख्याआड हळूहळू म्हणून पाहत होती, पाहुण्याचं नाव पाठ करावं तसं.

“हम उनको नहीं जानते,” ती म्हणाली. “बहुत दूर के होंगे. आएँ तो बोलना… क़हवा तैयार है.”

बस, एवढंच. ही माझी जागा आहे, असं ती म्हणाली नाही. आवाजात राग नव्हता. तिने फक्त किटली खाली ठेवली, हात मांडीवर घेतले आणि माझ्याकडे पाहत राहिली. आता पाहुण्याने एक प्रश्न विचारायचा असतो. कुठल्याही घरात, कुठल्याही देशात. मलाही तो कळला होता. ओठांवर आला होता.

विलीने हॉर्न वाजवला.

मी उठलो. पाटी उचलली, शुक्रिया म्हटलं आणि चालू लागलो. चेहरा तापला होता. मी जवळजवळ पळतच होतो.

गाडीत बसल्यावर विली माझ्या हाताकडे पाहून म्हणाला, “हे कुठून उचललंस?”

फिंजान माझ्या मुठीतच राहिला होता. गरम होता. म्हातारीचा आहे, परत देऊन येतो, मी म्हटलं. विलीने इंजिन बंद केलं.

“प्रल्हाद, कुठली म्हातारी? इथली मच्छीमारांची वस्ती उठवून दोन वर्षं झाली. सगळं सपाट केलंय.”

आम्ही दोघेही गेलो. धुकं विरत होतं. सपाट वाळू होती आणि बुजवलेल्या विहिरीचा काठ. वाळूवर माझ्या बुटांचे ठसे जाताना दिसत होते, एका जागी थांबलेले, आणि परत येताना लांब लांब पडलेले. निखारे नव्हते. विलीने छातीवर क्रूसाची खूण केली आणि तो गाडीकडे वळला.

पाटी बसवली गेली. मी साहेबांना सांगून पाहिलं, फार हळू सांगितलं. आजही ती तिथे आहे. त्या वस्तीतली माणसं कुठे गेली, ते मासळीबाजारात विचारलं, ट्रक ड्रायव्हरांना विचारलं. पण ‘एक म्हातारी’ म्हटल्यावर लोक विचारतात, नाव काय तिचं?

फिंजान मी घरी आणून या टेबलावर ठेवला. सकाळी त्यात घोटभर कहवा होता. गरम. वेलचीचा वास साऱ्या घरात पसरला होता.

उर्मिला चहात वेलची घालायची.

मी तो प्यायलो. आणि खरं सांगतो, मला वाटलं, तीच आली. कितीतरी सकाळी मी तसं मानून प्यायलो. दुसऱ्या बाईचं आतिथ्य मी माझ्या बायकोच्या नावावर घेत होतो. म्हणजे त्या पाटीनं जे केलं, तेच मी घरात बसून करत होतो. हे लक्षात आलं त्या दिवशी मला आरशात पाहवलं नाही.

विली म्हणाला, इथली रीत आहे बाबा, पुरे झालं की पेला हलवून द्यायचा. हलवला नाहीस तर ओततच राहणार. हलव आणि खलास.

मी हलवलेला नाही. हलवला की ती किटली उचलून निघून जाईल, आणि विचारायचं राहूनच जाईल. रोज सकाळी या रिकाम्या खोलीत मी विचारतो, आपका नाम? उत्तर येत नाही. मग मी फिंजान कपाटात ठेवू लागलो, तर टेबलावर जो कप असेल तो भरू लागला.

हेही मला सवयीचं झालं होतं. पण गेल्या आठवड्यापासून सकाळी टेबलावर कपांचे ओले गोल डाग दिसतात. एका कपाचे नव्हेत. टेबलाच्या चारी बाजूंना. पाटीवरच्या त्या दूरच्या लोकांबद्दल तिने सांगितलं होतं ना, आएँ तो बोलना… मी कोणालाच काही बोललो नव्हतो.

आणि एका खुर्चीखाली चिमूटभर लाल माती असते. त्या किनाऱ्याची वाळू पांढरी आहे. फर्मच्या मेलबर्नच्या एका माणसाला विचारलं तर तो म्हणाला, आमच्या देशात आत गेलं की मैलोन् मैल लाल माती. देवगडचीही लालच. मी ती झाडत नाही, आणि कोणाची आहे ते या खेपेला मनाशी ठरवतही नाही. आधी नाव विचारायचं.

पण विचारायचं कोणाला? ती खुर्ची रोज सकाळी टेबलापासून थोडी मागे ओढलेली असते, कोणीतरी आत्ताच बसलं असावं तशी.

तुम्ही बसला आहात, तीच.