तिसरी प्रत

समुद्र सव्वा मीटर वर आला, तेव्हापासून दाभोळची माणसं घड्याळाआधी भरतीचं वेळापत्रक पाहू लागली होती. खाडीच्या तोंडाशी बावीस पोलादी दरवाजे होते. एरवी ते उघडे असत. होड्या ये-जा करत, वाशिष्ठी नदीचं पाणी समुद्राला मिळे. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण यायच्या आत मात्र ते बंद व्हावे लागत, आणि तेही सगळे एका चालीनं. एखादा दरवाजा हातभर जरी मागेपुढे झाला तरी पाण्याचा सगळा जोर त्याच्यावर येऊन तो मोडला असता. हे काम माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. ते खाडीद्वार प्राधिकरणाचा संगणक करी.

२०९४ सालच्या भाद्रपद अमावास्येला सकाळी हा संगणक सुरूच झाला नाही.

ओवीबाई चोगले भाजी निवडत बसल्या होत्या, तेव्हा फोन आला. बाई एकसष्ट वर्षांच्या. गावच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. फोनवर डॉ. रिझवान परकार होता, दरवाजांचा मुख्य अभियंता. सातवीत तो त्यांच्याच वर्गात होता.

"बाई, घरी आहात ना? गाडी पाठवतोय. लगेच निघा."

"अरे, पण झालंय काय?"

"इथं आल्यावर सांगतो. उपाशी असाल तर तशाच या, रक्त घ्यायचंय."

नियंत्रणकक्ष दरवाजांच्या डोक्यावरच होता. समोरच्या पडद्यावर एकच ओळ होती: आरंभखंड सापडला नाही. रिझवानचे दोन सहकारी मान खाली घालून उघड्या पेटीतल्या तारा पुन्हा पुन्हा तपासत होते.

"बिघडलाय का रे?" बाईंनी विचारलं.

"तसा ठणठणीत आहे. वीज येतेय, तारा ठीक आहेत, डिस्कही वाचता येतेय. काल वार्षिक साफसफाईसाठी बंद केला होता. आज चालू केला, तर सुरुवात कुठून करायची हेच त्याला समजत नाहीये."

"म्हणजे?"

"संगणक चालू केला की पहिल्या क्षणी त्याला काहीही माहीत नसतं, बाई. आपण दरवाजे चालवतो हेसुद्धा नाही. एवढंच ठाऊक असतं की डिस्कच्या अगदी पहिल्या तुकड्यावर जे लिहिलंय ते वाचायचं. त्या तुकड्यात पुढचं कुठं सापडेल ते लिहिलेलं असतं. तोच आरंभखंड. तो तुकडा आता खराब झालाय. बाकीची डिस्क जशीच्या तशी आहे, पण तिच्यात शिरायला वाट नाही."

"मग दुसरीकडून उतरवून घ्या."

"तीन प्रती होत्या," रिझवान म्हणाला. "पहिली राखीव डिस्कवर. ती याच डिस्कबरोबर, त्याच कारखान्यात तयार झालेली. दोघी एकदमच म्हाताऱ्या झाल्या. दुसरी चिपळूणच्या शीतपेटीत, काचेच्या नळीत. गेल्या आठवड्यातल्या पुरात पेटी तीन दिवस बंद होती, नळीतलं सगळं नासलं. तिसरी प्रत तुम्ही."

हे गावाला नवीन नव्हतं, पण आता ते सहसा कुणाच्या लक्षातही नसे. २०६१ च्या सौरवादळात जगभरातल्या डिस्का एका दुपारी कोऱ्या झाल्या होत्या. त्यानंतर शास्त्रज्ञांनी असं एक साधन शोधलं, ज्याला ना वीज लागते, ना वादळ पुसू शकतं. सजीवांच्या पेशींत डीएनए नावाचा लांबच लांब रेणू असतो. चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली ती एक पोथीच. पेशी दुभंगताना तिची नक्कल होते आणि चुका दुरुस्तही होतात. या पोथीत कुठल्याही जनुकाच्या कामाआड न येणाऱ्या जागी आरंभखंडाची आठेक हजार अक्षरं घालता येत होती. निरुपद्रवी केलेला एक विषाणू ती अक्षरं हाडांतल्या मज्जेत नेऊन सोडी. मज्जा रक्त बनवते. म्हणून थेंबभर रक्तातून ती केव्हाही वाचता येत. ज्या माणसाच्या अंगात अशी प्रत असे त्याला धारक म्हणत. धारकानं दरवाजांपासून पन्नास किलोमीटरच्या आतच राहायचं, एवढीच अट होती.

ओवीबाई तीस वर्षांच्या असताना धारक झाल्या. गावासाठी काहीतरी करावं असं तेव्हा सगळ्यांनाच वाटत होतं. पुढं काही धारकांना रक्ताचे आजार जडले. संशय विषाणूवर आला आणि नवे धारक करायला बंदी आली. ओवीबाईंनाही सहा वर्षांपूर्वी रक्ताचा कर्करोग झाला होता.

"रिझवान, मी आता तुझ्या कामाची नाही," त्या म्हणाल्या. "माझी सगळी मज्जा नष्ट करून दुसऱ्याची घातलीय. तुमच्या ऑफिसला मी तसं पत्र पाठवलं होतं."

"आज सकाळी सापडलं ते. पाकीटही कुणी फोडलं नव्हतं." त्याचे कान लाल झाले. "तरी एकदा बघू द्या. एखादी जुनी पेशी उरलेली असली तर."

रक्त घेतलं. वाचनयंत्राला तास लागला. खिडकीतून जेट्टीच्या पायऱ्या दिसत होत्या. बाई बसल्या तेव्हा सात कोरड्या होत्या. निकाल आला तेव्हा चार.

रिझवाननं निकाल दोनदा वाचला. मग खुर्ची ओढून तो बाईंसमोर बसला.

"प्रत आहे, बाई. एखाद्या पेशीत नाही, सगळ्या पेशींत आहे. पूर्ण आठ हजार अक्षरं."

"चांगलं झालं की मग."

"कसं चांगलं? हे रक्त तुमचं नाहीच. डॉक्टरांचा कागद सांगतोय, शंभर टक्के दात्याचं. मग दात्याच्या अंगात आमचा आरंभखंड आला कुठून?"

ओवीबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. उत्तर त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. दात्याचं नाव रुग्णालयानं गुप्त ठेवलं होतं आणि त्यांनीही ते कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी गप्प राहायचं ठरवलं.

"असेल काहीतरी. तू मशीन तर चालू कर."

"नाही करता येत. खरी-खोटी प्रत ओळखायचा ताळाही त्याच खराब तुकड्यावर होता. कुठून आली ते माहीत नसलेली प्रत चालवायची आणि त्यात चार अक्षरं इकडची तिकडे झालेली असली तर? अर्धे दरवाजे मिटतील, अर्धे उघडतील. बाराला दहा मिनिटं असताना पाणी खालच्या मोहल्ल्यात शिरणार आहे, बाई. नऊ हजार माणसं आहेत तिथं. त्यांना वर आणायला सकाळपासून बस लावल्यात, अजून निम्मीही आली नाहीत."

घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. पायऱ्या तीन उरल्या होत्या.

"मज्जा नभानं दिली होती," ओवीबाई म्हणाल्या.

नभा त्यांची एकुलती एक मुलगी. ती लेहच्या वेधशाळेत काम करत होती, आठ वर्षं तिथंच होती. धारक झाल्यावर दोन वर्षांनी बाईंना झालेली.

रिझवाननं निकालाचा कागद पुन्हा उचलला. मग हळूच म्हणाला, "विषाणू फक्त मज्जेत जातो असं आम्हाला शिकवलं होतं. तो तुमच्या बीजांडातही पोचला असणार. म्हणजे नभाच्या अंगात ही अक्षरं जन्मापासून आहेत. प्रत्येक पेशीत."

"तिला काही त्रास होईल का?"

"आत्तापर्यंत झालेला नाही. जन्मतःच सगळ्यांचा डीएनए वाचून ठेवतात, तिचाही असेल. दोन्हीकडची अक्षरं जुळली तर प्रत अस्सल. पण ती नोंद उघडायला तिची परवानगी लागेल."

फोन बाईंनीच लावला.

"नभा, रिझवानला तुझी जन्मनोंद हवीय. दरवाजांचं काम आहे. तू हो म्हणायच्या आधी मला जरा..."

"पाणी चढतंय ना, आई? मग विचारत काय बसलीस? देते मी परवानगी. दोन मिनिटांत पाठवते."

"अगं, ऐकून तर घे..."

फोन बंद झाला होता.

नोंद आली. जन्मवेळी यंत्रानं त्या आठ हजार अक्षरांपुढं 'अर्थ नाही' असा शेरा मारलेला होता. दोन्हीकडचं एकूणएक अक्षर जुळलं. रिझवाननं खंड नव्या डिस्कवर उतरवला, डिस्क बसवली आणि बटण दाबलं. पडद्यावरची ओळ गेली. अकरा वाजून एकोणचाळीस मिनिटांनी बावीसही दरवाजे एका चालीनं मिटू लागले. बाहेर पाणी चढत राहिलं, आत जेट्टीची शेवटची पायरी कोरडी राहिली. सहकाऱ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. ओवीबाईंना कुणीतरी चहा आणून दिला. तो हातात तसाच निवला.

संध्याकाळी रिझवान अहवाल लिहायला बसला तेव्हा त्या त्याच्याजवळ गेल्या.

"प्रत कुठं मिळाली, तिथं माझं नाव लिही. खोटं नाही ते. रक्त माझ्याच दंडातून काढलंस."

"आणि तुमच्यानंतर? नवा धारक करायला बंदी आहे, आणि जिवंत धारकाशिवाय दरवाजे चालवायचे नाहीत असा नियम आहे. प्राधिकरण ते कायमचे उघडे ठेवेल. माझी अम्मी खालच्या मोहल्ल्यात राहते, बाई."

बाईंनी त्याच्याकडं पाहिलं. सातवीतही तो खोटं बोलायला लागला की अडखळायचा. आता तो अडखळत नव्हता.

"नभाचं लिही मग," त्या म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी नभाला प्राधिकरणाचं पत्र गेलं. तिनं ते फोनवर आईला वाचून दाखवलं. आईच्या अंगातली मज्जा उसनी, म्हणून आईऐवजी धारक म्हणून तिची नोंद झाली होती. तिनं नव्वद दिवसांत दरवाजांपासून पन्नास किलोमीटरच्या आत वास्तव्यास यायचं होतं. 'आपली संमती आवश्यक नाही,' पत्रात पुढं लिहिलं होतं, 'कारण संमती शरीरात प्रत घालण्यासाठी घेतली जाते. आपल्या शरीरात काहीही घालण्यात आलेले नाही.'

ती वकिलाकडं गेली. वकील म्हणाला, कायदा करणाऱ्यांनी धारक जन्माला येऊ शकतो हे धरलेलंच नव्हतं. दाद मागता येईल, पण निकाल लागेपर्यंत राहावं दाभोळलाच लागेल. वेधशाळेनं तिची जागा दोन महिने राखली, मग दुसऱ्याला दिली. पौषात नभा दोन पेट्या घेऊन आईच्या घरी आली. मायलेकी एकमेकींशी फार जपून बोलत. ओवीबाई रोज तिच्या आवडीचं काहीतरी करत, आणि नभा ते मुकाट्यानं खाई.

एका सकाळी रिझवान आला. त्याच्या हातात कागद होता. तो बसला नाही.

"हे तुला टपालानं येण्याआधी मीच दाखवावं म्हटलं," तो नभाला म्हणाला.

तिनं कागद घेतला. "हे कुणी लिहिलंय?"

"कुणीच नाही. संगणकानंच काढलंय. सुरू होताना एकदा अडला की पुन्हा अडू नये म्हणून काय करायचं, त्याची यादी तो आपोआप बनवतो. नेहमीचीच पद्धत आहे. कुणी मुद्दाम..."

"मला मूल झालं तर त्याच्यात हे येईल?"

"दोनात एक शक्यता."

"आणि दोन मुलं झाली, तर त्यांतल्या एकाच्या तरी अंगात यायची?"

"चारात तीन," रिझवान जमिनीकडं पाहत म्हणाला.

"हो. इथंही तसंच लिहिलंय."

तिनं कागद आईपुढं ठेवला. ओवीबाईंनी चष्मा लावला. तळाशी बारीक अक्षरांत तो हिशेब होता आणि वर यादीत तीनच कलमं होती. राखीव डिस्क वेगळ्या कारखान्यातून घेणे: पूर्ण. शीतपेटीस दुसरी बॅटरी जोडणे: पूर्ण. धारकास किमान दोन अपत्ये: प्रलंबित.