म्हणून सिदूला हाकला

म्हणून

सिदूला हाकलायचं, हे सकाळीच ठरलं. कशावरून, ते मागाहून ठरणार होतं.

पोलीस पाटील भिवराबाई शिरूरकडच्या माळावर चारा छावणीत पोचल्या, तेव्हा गाव विहिरीभोवती गोळा झाला होता. काल संध्याकाळी छावणीचा पहिला टँकर विहिरीत रिकामा केला, असं छावणी चालवणाऱ्या सोसायटीचे चेअरमन सुंदरराव सांगत होते. आज तळाशी जुनंच गढूळ डबकं तेवढं होतं. सगळा माळ करपलेला. पलीकडे सुंदररावांची मोसंबीची बाग तेवढी तग धरून होती.

सिदू धनगर मान खाली घालून उभा. त्याची बायको सारजाबाई घोड्यावर बिऱ्हाड लादत होती. पुढच्या वाटेवर पाणी नव्हतं. नुकती जन्मलेली कोकरं त्या उन्हात टिकणार नव्हती.

कारण

"पाटीलबाई, हिरीभवती लेंड्या बघा," गावातला त्रिंबक म्हणाला. "लेंड्या हायत, मंजी मेंढरं आलती. मेंढरं आलती, मंजी पाणी त्यांनीच पिलं."

माना डोलल्या.

"कावून आलतास रे सिदू?" भिवराबाईंनी विचारलं.

"राती आलतो, टँकर येऊन गेला म्हणून. आत काय दिसलं न्हाई. माघारी गेलतो."

"खोटं बोलतोय!" सुंदरराव गरजले. "म्या सोता उभा राहून वतून घेतलं. पार त्या काळ्या दगडाला पाणी लागलतं."

"तवा संगं कोण होतं?" भिवराबाई सुंदररावांकडे वळल्या.

"कोण असनार? सगळे चारा घ्यायला गेलते."

"आवाज ऐकला की आमी," त्रिंबक मधेच म्हणाला. "टँकर आला, मंजी पाणी आलं."

"आन एवढं पाणी एकट्या सिदूनं एका रातीत शेंदलं?" भिवराबाईंनी विचारलं.

"मग त्यो घाम कावून पुसतोय?" सुंदररावांनी बोट दाखवलं.

सगळ्यांनी सिदूच्या घामाकडे पाहिलं. प्रश्न तिथंच पडून राहिला. उचलला कुणीच नाही.

भिवराबाईंना ते खटकलं.

पण

त्या पायऱ्या उतरून आत गेल्या. फडफड करत एक पारवा वर उडाला. काळ्या दगडाच्या हातभर खाली कपार होती. कपारीत काड्यांचं घरटं, घरट्यात चोच वासलेलं पिल्लू. अंगावर अजून पंख नव्हते.

वर येऊन त्या मोठ्यानं म्हणाल्या, "चंद्रभागाबाई काल हिरीवरनं गेल्या. आज हिरीत पाणी न्हाई. मंजी पाणी त्यांनीच पिलं."

चंद्रभागाबाई कमरेत वाकलेली म्हातारी. काठी आपटत म्हणाली, "एवढी तहान असती तर सासूनं नांदवली असती व्हय गं मला?"

गाव खो खो हसला. त्रिंबक मात्र भडकला. "कायबी काय बोलता पाटीलबाई! म्हातारीवर आळ घेता?"

सुंदरराव हसलेही नाहीत, भडकलेही नाहीत. "तसंबी असंल," ते म्हणाले. "तिचीबी चौकशी करा की."

तर

"त्रिंबक, भडकलास ते बरं केलंस," भिवराबाई म्हणाल्या. "पन तुजं लेंड्यांचं बोलनंबी ह्याच मापाचं हाय."

त्रिंबकची मान खाली गेली.

"ज्यांचं पाणी गेलं, त्यांना माजं बोलनं पटलं न्हाई. चेअरमन, तुमाला मातुर लगेच पटलं. सिदू न्हाई तर म्हातारी, तुमाला कुनीबी चालत हुतं. पन तेवढ्यावर तुमाला धरलं, तर मीबी ह्यांच्यातलीच. म्हणून हिरीचं सांगते. पाणी काळ्या दगडाला लागलतं ना?"

"लागलतं."

"त्याच्या खालच्या कपारीत पारव्याचं पिल्लू हाय. उडता येत न्हाई त्याला. तरी जित्तं हाय."

दोघेतिघे विहिरीत डोकावले.

"पाणी चोरून शेंदलंच न्हाई कुनी. ते हिरीत पडलंच न्हाई. टँकर आला, घरघरला आन पुढं गेला. चला, मोसंबीच्या आळ्यात हात घालून बघू."

सुंदरराव जागचे हलले नाहीत. उपरण्यानं कपाळ पुसत पुटपुटले, "झाडं जळाय लागलती, पाटीलबाई."

मग त्रिंबकला पुन्हा कंठ फुटला. "बघा! एक चेअरमन चोर निघाला. मंजी समदेच चेअरमन चोर!"

माना डोलल्या.

सारजाबाईनं घोड्यावरचं बिऱ्हाड उतरवलं. दोर मात्र हाताशीच ठेवला.