आधी पांढऱ्या सात

"गोळ्या पाळीच्या त्रासासाठी, की मूल नको म्हणून?" औषधवाल्या काकांनी दुकानाच्या पार आतल्या टोकावरून विचारलं.

दुकानात माझ्याशिवाय तीन गिऱ्हाइकं होती. सगळ्यांचे कान टवकारले. घराजवळची दोन चांगली दुकानं सोडून, कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून मी बसचे सहा थांबे ओलांडून इथे आले होते.

"चिठ्ठीत लिहिलंय ते द्या," मी शक्य तितक्या हळू म्हणाले.

"चिठ्ठीत नाव लिहिलंय. कारण नाही लिहिलं."

"कारण गोळीला कळतं. तुम्ही फक्त द्या."

माझ्या मागे कुणीतरी हसलं. अगदी बारीक, नाकातल्या नाकात. मी रागाने वळले — आणि तशीच राहिले.

पंधरा दिवसांनी ज्याच्याशी माझं लग्न होणार होतं, तो माझ्या मागे उभा होता.

तोवर आम्ही तीनदाच भेटलो होतो, आणि तिन्ही वेळा मध्ये दोन्हीकडची मिळून आठ माणसं. स्थळ मावशीनं आणलेलं. तो लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत अभियंता, म्हणून आमच्या घरी त्याला सगळे 'लिफ्टवाला'च म्हणत. मला तो आवडला होता असं म्हणायला पुरेसा पुरावा नव्हता. डोळे चांगले होते, आणि दुसऱ्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत तो थांबायचा. माझ्याकडे एवढ्या दोनच नोंदी होत्या.

"तुम्ही इथे?" आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

"खोकला झालाय," तो म्हणाला आणि खोकून दाखवलं. इतका नकली खोकला मी शाळेनंतर ऐकला नव्हता.

तेवढ्यात काकांनी पाकीट काउंटरवर ठेवलं. वरची अक्षरं चांगली ठळक होती. त्याने ती वाचली, आणि तो वाचत असताना मी त्याच्याकडे पाहत होते. मग काकांना उशिराचं शहाणपण सुचलं. त्यांनी पाकीट एका कागदात गुंडाळलं, त्यावर दुसरा कागद, त्यावर काळी पिशवी. आता रस्त्यावरच्या कुणालाही कळलं असतं की आत काहीतरी लपवण्यासारखं आहे.

या पाकिटापर्यंत पोचायला मला तीन आठवडे लागले होते. पहिल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नवऱ्याला घेऊन या." नवरा अजून व्हायचाय म्हटल्यावर म्हणाल्या, "मग गोळ्या कशाला?" दुसऱ्या बाईंनी मात्र रक्तदाब मोजला, डोकं दुखतं का, सिगारेट ओढता का, घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या का, सगळं विचारलं. पाळीच्या पहिल्या दिवसापासून रोज एक, ठरलेल्या वेळी. पाकिटात अठ्ठावीस. एकवीस गुलाबी, सात पांढऱ्या. पांढऱ्यांत औषध नसतं, रोजची सवय मोडू नये म्हणून त्या असतात. मी मान डोलावली. मी पिण्याच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसाला चाळीस नमुने माझ्या हाताखालून जातात. अठ्ठावीस गोळ्या म्हणजे काय मोठंसं!

दुकानाच्या पायऱ्या आम्ही बरोबरच उतरलो. हे त्याला लग्नाआधी सांगायचंच होतं. प्रयोगशाळेची नवी शाखा उभी करायचं काम सात वर्षांनी माझ्याकडे आलं होतं, आणि ते दोन वर्षांचं होतं. त्याला ते मान्य नसेल तर लग्न मोडायचं, हेही मी ठरवलं होतं. त्यासाठी चार मुद्द्यांचं भाषण तयार होतं. फक्त ते हातात काळी पिशवी धरून करावं लागेल असं वाटलं नव्हतं.

"मला दोन वर्षं मूल नकोय," मी म्हणाले.

"बरं."

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे... बरं."

"कारण नाही विचारणार?"

"कारण गोळीला कळतं, असं मघाशी कुणीतरी म्हणालं."

"माझे चार मुद्दे आहेत," मी चिडून म्हणाले. "तुम्ही असं मधेच 'बरं' म्हणून टाकलंत तर मी ते कुणाला सांगायचे?"

"मग चालत चालत सांगा की. सहा थांबे आहेत."

"सहा आहेत हे तुम्हाला कसं माहीत?"

"तुमचं घर पाहिलंय ना." तो जरा थांबला. "माझेही सहाच. दुसऱ्या बाजूने."

"खोकल्याच्या औषधासाठी सहा थांबे?"

त्याचे कान लाल झाले. मी नोंद केली.

माझे चारही मुद्दे त्याने ऐकले. तिसऱ्यावर एक शंका विचारली, आणि ती रास्त होती. दिवे लागायच्या सुमारास वारा सुटला. काळी पिशवी माझ्या हातात फडफड करायला लागली, तेव्हा त्याने ती सहज घेतली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. मला बरं वाटलं. आणि लगेच चीडही आली, कारण रस्त्यावर 'बरं' म्हणायला काय लागतं? त्याच्या आईने माझ्या आईला वर्षभरात नातवंड हवं म्हणून सांगून ठेवलं होतं. तिच्यासमोर याचं 'बरं' टिकेल का? पाचवा मुद्दा हा होता, आणि तो मी त्याला सांगितला नाही. कोपऱ्यावर पिशवी परत देताना गोळी कधीपासून, रोज किती वाजता, तेवढं त्याने विचारून घेतलं.

तीन दिवसांनी मी पहिली गोळी घेतली. खोका आणि आतला बारीक अक्षरांचा कागद आईच्या हाती लागू नये म्हणून रस्त्यावरच्या कचरापेटीत टाकून आले होते. सकाळी आठ वाजता फोन वाजला.

"झाली?" त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमत होता. कुठल्याशा इमारतीत लिफ्टच्या टपावर उभा होता म्हणे.

"झाली. आणि हे रोज विचारू नका. मी काही तुमची लिफ्ट नाही."

"लिफ्टला महिन्यातून एकदाच विचारतो."

दुसऱ्या दिवशी आठला पुन्हा फोन. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी तो दोन मिनिटं उशिरा आला, आणि मी पाण्याचा पेला हातात घेऊन खिडकीशी ताटकळत उभी होते. भयंकर चिडले होते. फोन उशिरा आला म्हणून, की तो आल्याशिवाय गोळी गिळवेना म्हणून, ते आजही नीट सांगता येणार नाही.

"आवाज असा का?" त्याने विचारलं.

"मळमळतंय जरा," मी जाणकारासारखी म्हणाले. "सुरुवातीला होतं असं. शरीराला सवय व्हावी लागते."

"संध्याकाळी येऊ का भेटायला?"

"मळमळीवर तुमचा काय उपयोग?"

"काहीच नाही. तरी येऊ?"

तो आला. नंतर रोजच यायला लागला. प्रयोगशाळेच्या फाटकाबाहेर दगडी कट्टा आहे, तिथे आम्ही बसायचो. तो लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांच्या गोष्टी सांगायचा. सुटका झाल्यावर लोक आभार मानत नाहीत, आधी घड्याळ बघतात, म्हणे. मी हसायचे आणि घड्याळ बघायचं विसरायचे.

आठव्या सकाळी मी फोन उचलताच म्हणाले, "आजपासून गुलाबी!"



"आजपासून... म्हणजे?" तो सावकाश म्हणाला. "इतके दिवस कुठल्या?"

"पांढऱ्या. आधी पांढऱ्या सात."

"डॉक्टरांनी तसं सांगितलं?"

"ते सांगायला कशाला लागतं? पांढऱ्यांत औषध नसतं. आमच्याकडे सकाळी यंत्र सुरू केलं की आधी नुसतं शुद्ध पाणी घालतात. त्याला ब्लँक म्हणतात. ब्लँकचं रीडिंग शून्य आलं की मगच खरे नमुने. आधी ब्लँक, मग बाकी सगळं, हे पहिल्या दिवशी शिकवतात."

"हो," तो म्हणाला. मग अगदी हळू, चुकून काही मोडेल अशा बेताने म्हणाला, "पण... तुम्ही यंत्र नाही ना."

मी हातातल्या गोळ्यांच्या पट्टीकडे पाहिलं. काकांनी पट्टीवरच चिकटवलेल्या किमतीच्या चिठ्ठीखालून बाणाचं टोक दिसत होतं. चिठ्ठी नखाने खरवडून काढली. बाण गुलाबीकडून पांढऱ्याकडे जात होता.

सात वर्षं मी शहराचं पाणी तपासते आहे. सात दिवस मी वेळ पाळून, मोठ्या शिस्तीत, काहीही घेतलं नव्हतं.

"आणि मग ती मळमळ?" त्याने विचारलं.

"गप्प बस!"

"तू म्हणालीस मला."

"रागात निघालं."

"मग रागावत जा."

मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या हसल्या नाहीत, पण त्यासाठी त्यांना कष्ट पडत होते हे ऐकू येत होतं. "आजच गुलाबी सुरू करा. सात दिवस झाले की भरवसा. तोवर दुसरी काळजी घ्यायची." लग्न पाच दिवसांवर आलं होतं. ही वजाबाकी मला प्रयोगशाळेत दिवसभर पुरली.

"दोन दिवस कमी पडतात," संध्याकाळी कट्ट्यावर मी समोरच्या झाडाला उद्देशून सांगितलं.

तोही झाडाकडेच बघत होता. "मी त्या दिवशी खोकल्यासाठी गेलो नव्हतो."

"ते त्या खोकल्यावरूनच कळलं होतं."

"तुझ्यासमोर मागायचा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी परत गेलो."

"सहा थांबे?"

"सहा थांबे. काकांनी आतून ओरडून विचारलं, लहान पाकीट देऊ की मोठं."

"मग?"

"घाबरून मोठं घेतलं."

मी हसू दाबायचा प्रयत्न केला आणि तो फसला. तोही हसायला लागला. फाटकावरचा पहारेकरी बाहेर येऊन बघून गेला. हसता हसता आमचे खांदे टेकले होते, आणि हसणं थांबल्यावरही कुणी ते बाजूला घेतले नाहीत.

लग्नाच्या दोन दिवस आधी त्याची आई आम्हाला भाड्याच्या नव्या घरी घेऊन गेली. काकू शिवणकाम शिकवायच्या, त्यामुळे गळ्यात टेप कायमचाच. पडद्यांची मापं घेत घेत त्या मागच्या लहान खोलीत आल्या.

"ही बाळाची. वर्षभरात लागेलच, आत्ताच फिकट रंगाचं कापड घेऊन टाकू."

मी तोंड उघडणार, तोच तो म्हणाला, "आई, दोन वर्षं मूल नाही. मला नकोय. हिलाही मी तसं सांगितलंय."

"तुला नकोय!" काकू कडाडल्या. "आणि तिच्या मनाचं काय? तिला विचारलंस तरी?" मग माझ्याकडे वळून पाठीवरून हात फिरवला. "तू मनाला लावून घेऊ नकोस गं. लहानपणापासून हा असाच आपमतलबी."

त्या हाताची ऊब छान होती. गप्प राहिले असते तर ती ऊब दोन वर्षं नक्की पुरली असती. मी त्याला दंडाला धरून सज्जात ओढलं.

"हे काय होतं?"

"आईला राग येणारच होता. तो तुझ्यावर नको म्हणून..."

"माझ्या वाट्याचा राग मला हवाय! सात वर्षं राबून ती शाखा मी मिळवली. तीन आठवडे हिंडून ते पाकीट मी मिळवलं. आणि ठरवलं कुणी? म्हणे तू!"

"अगं, श्रेय थोडंच घेतलं मी? शिव्या घेतल्या."

"त्याही माझ्या आहेत."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी वाक्य पूर्ण केलं होतं, तरी तो थांबला होता. "चुकलो," तो म्हणाला. "तूच सांग. मी शेजारी उभा राहतो."

काकू खिडकीशी वही उघडून बसल्या होत्या.

"काकू, ते मी ठरवलंय," मी म्हणाले. "याला मी औषधाच्या दुकानाबाहेर सांगितलं. तो फक्त बरं म्हणाला."

"आणि तेच आत्ता म्हणायला हवं होतं," तो म्हणाला. "मलाही पटलंय, आई."

काकूंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"गोळ्या?"

"हो."

"सुरू केल्यास?"

"हो. म्हणजे... दोनदा."

शेजारी कुणीतरी नाकातल्या नाकात हसलं. मी त्याच्या पायावर पाय दिला.

"मला राग आलाय," काकू म्हणाल्या.

"हो, काकू."

"तो इतक्यात जाणारही नाही."

"हरकत नाही."

"आणि मघाशी तुझी कीव केली, ती मी परत घेते." त्यांनी गळ्यातला टेप काढला. "ऊन मात्र येणारच, मूल असो नसो. धरा टोकं. मी लिहून घेते."

त्यांनी पाठ केली आणि वही मांडीवर घेतली. मी खिडकीच्या या कडेला, तो त्या कडेला. टेप ताणला गेला. मी आकड्यावर नजर रोखली आणि तेवढ्यात तो, जेमतेम मला ऐकू येईल असा, म्हणाला, "मला तू फार आवडतेस."

"हे आत्ता सांगतोयस?"

"आत्ता तुझे दोन्ही हात अडकलेत. पळता येणार नाही."

"मूर्खा..." मी म्हणाले. "मलाही. तू. केव्हापासून ते नीट सांगता येणार नाही, पण... मलाही."

"अरे, आकडा बोला!" काकू वहीतून म्हणाल्या.

मी टेपकडे पाहिलं. टेप माझ्या बोटांतून केव्हाच निसटला होता. त्याचंही टोक खाली लोंबत होतं.

"काकू... पुन्हा मोजतो."

काकूंनी मान वळवून आम्हा दोघांकडे पाहिलं, मग जमिनीवर पडलेल्या टेपकडे.

"आणि म्हणे," त्या पेन आपटत म्हणाल्या, "अख्ख्या शहराचं पाणी हिच्या हातात आहे!"